छत्तीस गुण, दहा मार्क

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या जबलपुरात मटाराचं राज्य सुरू होतं. बड्या फुहाऱ्याच्या बाजाराकडे वळलं की कापडाच्या दुकानांपुढे ठेल्यांची रांग आणि ठेल्यांवर हिरवेगार ढीग. इथे पाव किलो मटार कोणी मागत नाही. मागितलाच तर ठेलेवाला ‘बाहर से आए हैं क्या?’ अशा नजरेने बघतो. मोठी पिशवी भरून घ्यायचा, घरी आणायचा, गच्चीवर चादर टाकून ओतायचा आणि उन्हाकडे पाठ करून सोलायला बसायचं. मग पुढचे दोन महिने पोह्यांत मटार, भातात मटार, उसळीत, करंजीत, पराठ्यात मटार. घरातलं कोणी कुरकुर करत नाही. गल्लीतल्या गाईसुद्धा या दिवसांत टरफलांशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत.

यंदाचा पहिला ढीग घेऊन मी परवा गच्चीवर बसले होते. कॉलेजात सांख्यिकी शिकवण्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीतली मुलं अजून मला सोडत नाहीत. शेजारची ओवी वही घेऊन वर आली. घरात मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे तिची भाषा अर्ध्या वाटेत कूस बदलते.

“मावशी, ये प्रकीर्ण आरेख का सवाल समझा दो ना. मला समजतं सगळं, पर लिखते नहीं बनता.”

प्रकीर्ण आरेख म्हणजे स्कॅटर प्लॉट. मी त्याला ठिपक्यांचा तक्ता म्हणते. दोन गोष्टी मोजायच्या, एक आडव्या रेघेवर, एक उभ्या रेघेवर, आणि प्रत्येक जोडीचा एक ठिपका. ठिपके जिन्यासारखे वर चढत गेले तर दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढतात. उतरत गेले तर एक वाढते, दुसरी घटते. आणि चादरीवर सांडलेल्या मटारासारखे कुठेही पसरले, तर दोघींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही. मी ओवीला समोरचंच उदाहरण दिलं. थंडी वाढते तसा मटार स्वस्त होतो. ठिपके छान उतरत जातात. पण म्हणून उद्या ठेलेवाल्यांनी भाव चढवला तर थंडी पळून जाईल का? दोन गोष्टी हातात हात घालून चालताना दिसल्या, म्हणजे एकीने दुसरीला ओढत आणलं असं होत नाही.

“तो फिर बनाने का फायदा क्या?” ओवीने विचारलं.

तिला परीक्षेपुरतं उत्तर दिलं आणि खाली पाठवलं. पण हात सोलत राहिले आणि मन त्या हिवाळ्यात जाऊन बसलं. हा वास आला की ते तिथेच जातं. शेंग फोडल्यावर येणारा तो कच्चा, गोडसर, थोडा मातीचा वास. माझ्या आयुष्यातला पहिला खराखुरा ठिपक्यांचा तक्ता मी त्या वासात काढला आणि त्यावर माझ्या बहिणीचं लग्न अडलं होतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा फॅक्टरीत. आम्ही सराफ्यामागच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि आमची सगळी माणसं वर्ध्याकडे. एके काळी हे सगळं एकच राज्य होतं म्हणे. मग राज्यं नव्याने आखली गेली, बाबांची नोकरी इकडे राहिली आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, तिकडे. पण नकाशाला आत्याबाईंनी कधी दाद दिली नाही. दर हिवाळ्यात त्या पिशवीत पंचांग आणि डब्यात तिळाच्या वड्या घेऊन येत, आणि मटार संपत आल्यावरच परत जात. बाबांची आई लवकर गेली. त्यांना न्हाऊमाखू घालून मोठं केलं ते आत्याबाईंनी. त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ऐन तरुणपणी त्यांचे यजमान गेले, त्या सासरीच राहिल्या, दिराची मुलं वाढवली. एवढंच आम्हा मुलींना माहीत होतं. त्यापुढे विचारायची पद्धत नव्हती.

त्या वर्षी कुंदाताईला पाहायला रेल्वेतला एक मुलगा आला. श्रीधर नाव. आमची ताई म्हणजे मुखदुर्बळ. शाळेत लहान मुलांना शिकवायची आणि घरी आली की कोपरा धरायची. पाहायला आलेल्यांपुढे ती अशी बसे की बिचाऱ्यांना वाटावं, आपलंच काही चुकलं. श्रीधरला कोणीतरी म्हणालं, काही विचारायचं असेल तर विचारा. त्याने समोरच्या मटारपोह्यांकडे पाहिलं आणि ताईला विचारलं, “तुम्ही मटार सोलताना खाता का हो?” ताई फसकन हसली. म्हणाली, “अर्धे.” तो म्हणाला, “मी तर निम्म्याहून जास्त.” झालं. माझ्या दृष्टीने लग्न तिथेच लागलं. त्यानंतर आठवडाभर ताई भांडी घासताना गुणगुणत होती. आई मला डोळ्यांनीच खुणावायची, बोलू नको, ऐक.

मग आत्याबाई आल्या आणि त्यांनी पंचांग उघडलं. मुलाचं नक्षत्र वरच्या ओळीत, मुलीचं बाजूच्या रकान्यात, दोन्हीकडून बोटं सरकवत आणायची आणि जिथे भेटतील तिथला आकडा वाचायचा. छत्तीसपैकी किती गुण जुळतात तो हा आकडा. अठराच्या पुढे असेल तर पसंत. आत्याबाईंची बोटं भेटली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अकरा. अन् वरून एकनाड.”

एकनाड म्हणजे दोघांची नाडी एकच. ती जोडीदाराच्या जिवावर बेतते, असं मानतात. आई म्हणाली, “पण वन्सं, मुलगा किती चांगला आहे.”

“मुलगा चांगलाच आहे,” आत्याबाई म्हणाल्या. “म्हणूनच नाही म्हणते मी.”

त्या उत्तराचा अर्थ तेव्हा कोणालाच लागला नाही.  बाबांनी श्रीधरकडच्यांना रथसप्तमीपर्यंत कळवतो म्हणून सांगितलं होतं, तेवढाच काय तो वेळ हातात होता.  ताई संध्याकाळी नेहमीसारखी सोलायला बसली. मी बघत होते. त्या दिवशी तिने एकही दाणा तोंडात टाकला नाही. मला इतका राग आला, इतका राग आला, की काय सांगू. कोणावर ते मात्र कळेना. आत्याबाईंवर रागावणं शक्यच नव्हतं, रोज रात्री त्याच माझ्या डोक्याला तेल लावून देत होत्या.

त्याच आठवड्यात कॉलेजात सरांनी काम दिलं. आपल्या आसपासच्या कुठल्याही दोन गोष्टी निवडा, माहिती गोळा करा, प्रकीर्ण आरेख काढा, संबंध आहे की नाही सांगा. वर्गातल्या मुलांनी उंची आणि वजन घेतलं, पाऊस आणि गहू घेतला. मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं होतं. आडव्या रेघेवर छत्तीस गुण आणि उभ्या रेघेवर संसाराचं सुख, दहापैकी.

गुणांची माहिती मिळणं अगदी सोपं होतं. आपलं वजन ठाऊक नसलेल्या बायकांनाही आपले गुण तोंडपाठ असत. अवघड होतं ते सुख. ते कशात मोजणार? मी म्हटलं, ज्याचा संसार त्यानेच मार्क द्यावेत. आणि संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याच घरी होतं. गावातल्या सगळ्या ओळखीच्या मराठी बायका एका खोलीत मिळणार, याहून चांगली संधी कुठली? ताईने वाण दिलं, आईने तिळगूळ दिला आणि मी कागद-पेन्सिल घेऊन पाठोपाठ फिरले.

“बाप्पा, काय विचारून राहिली ही पोरगी!” भुसारीकाकू लाजल्या आणि म्हणाल्या, “लिही, दहा.” त्यांच्या शेजारी त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. सासूबाईंनीही दहा सांगितले. मोहरीलकाकू म्हणाल्या दहा. घाटेवहिनी म्हणाल्या, “अच्छा, सगळ्या दहा म्हणून राहिल्या का? मग माझे पण दहाच.” ज्यांच्या घरातला आरडाओरडा आमच्या गच्चीवर ऐकू यायचा, त्यांनीही दहा दिले. रात्री तक्ता काढला तर सगळे ठिपके कागदाच्या वरच्या काठाला एका ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. सरांनी तो पाहिला, हसले आणि म्हणाले, “बेटा, जो चीज़ बदलती ही नहीं, उसका किसी से क्या संबंध निकालोगी?” एवढ्या सुखी समाजात सांख्यिकी कशी करायची, हा प्रश्न घेऊन मी घरी आले.

उपाय मटारानेच दाखवला. आमच्याकडे सोलायला एकमेकींच्या गच्चीवर जायची पद्धत होती. आज यांच्याकडचा ढीग, उद्या त्यांच्याकडचा. मी ज्या त्या काकूंना एकटं गाठून त्यांच्या ढिगापाशी बसू लागले. आणि मला एक शोध लागला, जो पुढे मी कुठल्याही पुस्तकात वाचला नाही. हात रिकामे असले की माणूस शोभेचं बोलतो. हात शेंगांत गुंतले आणि नजर खाली असली की खरं बोलतो. त्याच भुसारीकाकू अर्धी परात सोलून झाल्यावर म्हणाल्या, “साडेसहा लिही. सासूबाई गावाला गेल्या की आठ.” मोहरीलकाकूंचे गुण तीस, त्यांनी चार दिले आणि वर म्हणाल्या, “चलो, चार तर चार. तेवढे तरी आहेत.” घाटेवहिनींचे गुण सतरा. त्या खूप वेळ विचार करून म्हणाल्या, “नऊ गं. घरात नळ आला त्या साली दोन एकदम वाढले बघ.”

मी नळ कुठल्या रेघेवर लावू? सासूबाईंना कुठे लावू? तेव्हा कळायला लागलं की दोन रेघांच्या कागदावर माणसं बसवताना कितीतरी गोष्टी काठावरून खाली सांडतात. फॅक्टरीतली रात्रपाळी, मूल न होणं, एखाद्याचा स्वभावच हसरा असणं. पुढे आयुष्यभर वर्गात मी तिसऱ्या, लपलेल्या गोष्टीबद्दल शिकवत राहिले. मुलांना वाटायचं, मॅडमचे शब्द पुस्तकातले आहेत. ते घाटेवहिनींच्या गच्चीवरचे होते. त्या दुपारी फार सुखाच्या होत्या. पाठीवर ऊन, नखांत हिरवं, मांडीवर टरफलं आणि कानांवर कोणाच्या तरी संसाराची खरीखुरी गोष्ट. अभ्यास म्हणतात तो हाच असेल तर मला जन्मभर हेच करायचं आहे, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं. आणि तसंच झालं.

या वेळचा तक्ता बोलका होता. ठिपके कागदभर पसरले होते. तीस गुणांवर चार मार्क, बारा गुणांवर आठ, वीस गुणांवर पाचही आणि नऊही. चढ नाही, उतार नाही. गुणांचा आणि सुखाचा काही संबंध दिसत नव्हता. मला नाचावंसं वाटलं. मी तो कागद घेऊन पहिल्यांदा ताईकडे गेले. तिने नीट पाहिला, एकेक ठिपका कोणाचा ते विचारलं, खुदकन हसलीही. मग म्हणाली, “मंदा, छान काढलास. पण यात आम्ही दोघं कुठे आहोत?”

“तुमचं लग्नच झालं नाही, तर ठिपका कुठून येणार?”

“तेच तर,” ताई म्हणाली. “मला बाकीच्यांचं कळून काय करू? मला माझाच संसार हवाय, आणि तो याच्याच बरोबर.” तिने इतकं सरळ कधीच सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि मग माझेही. रथसप्तमी जवळ आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई गच्चीवर एकट्या सोलत होत्या. मी कागद त्यांच्यापुढे पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

“काहून गं मंदे, ही एवढी तिळं काहून सांडली कागदावर?”

मी समजावून सांगितलं. आत्याबाईंना कोष्टकं वाचायची सवय, त्यांना दोन रेघा लगेच कळल्या. खालून गुण, बाजूने मार्क. त्यांनी पंचांगावर फिरवत तशीच दोन बोटं फिरवली आणि मोहरीलकाकूंच्या ठिपक्यावर थांबल्या. “तीस गुण, अन् चारच? बापरे.” मग बराच वेळ त्या बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, जिंकलं आपण.

“अन् माझा कुठे आहे?”

 त्यांना मी विचारलंच नव्हतं. मी माहिती घेतली ती हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची, आणि नंतर गच्च्यांवर गेले तीही त्याच बायकांच्या. हळदीकुंकवाला विधवेला कोण बोलावतं? त्या संध्याकाळी आत्याबाई आतल्या खोलीत दार लोटून बसल्या होत्या. ज्यांचं माणूस गेलं, अशी एकही बाई माझ्या कागदावर नव्हती. आणि एकनाडीची भीती तर नेमकी तीच. जिथे अपघात झाला ती वाट सोडून मी सगळे रस्ते मोजले होते आणि रस्ते सुरक्षित आहेत म्हणून सांगायला आले होते.

“नऊ,” आत्याबाई म्हणाल्या. हात सोलतच होते. “नऊ गुण होते आमचे. अन् एकनाड. मामंजींनी हुंडा न घेता केलं, म्हणून माझ्या वडिलांनी पंचांग मिटून ठेवलं. चार वर्षांत हे गेले. सासूबाई म्हणाल्या, नऊ गुणांची आणली म्हणून पोरगा गेला माझा. मलाही तेच वाटलं. मग पंचांग बघायला शिकले मी. म्हटलं, दुसऱ्या कोण्या पोरीचं असं नको व्हायला. तो श्रीधर इतका हसरा पोरगा. त्याला काही झालं, तर आपली कुंदा कशी राहील?”

मला रडू आवरेना. इतके दिवस आम्ही सगळे त्यांना हट्टी समजत होतो. शेवटी मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, “आत्याबाई, कोण किती जगेल ते या कागदावरून नाही कळत.”

“माझ्या पंचांगातून तरी कुठे कळलं कोणाला?” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “संध्याकाळी आले की दारातूनच विचारायचे, आज काय काय झालं? अन् माझं सांगून होईपर्यंत डोक्यावरची टोपी काढायचे नाहीत. तसेच उभे. मी मुद्दाम लांबवत जायची. मला कोणी आधी सांगितलं असतं ना मंदे, की चारच वर्षं आहेत, तरी मी हेच घर केलं असतं.”

त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली, उठून जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि खाली आवाज दिला, “वैनी, भाऊ आला की त्याला म्हणा, त्या रेल्वेवाल्यांना हो म्हणून कळव. अन् कुंदाला वर पाठवा.”

ताई आणि श्रीधर भाऊजी आता दोघंही म्हातारे झालेत. राइट टाउनच्या त्यांच्या घरी हिवाळ्यात गेलं तर दोघं एकाच परातीतून सोलत आणि खात असतात आणि भाजीला दाणे कमी पडल्याचा आळ एकमेकांवर घेतात. भांडणं भरपूर. त्यांचे मार्क मी अजून विचारलेले नाहीत. विचारून काय करायचं, दिसतंच आहे सगळं. पण त्यांच्या एका ठिपक्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी स्वतःला बजावत असते. त्यांना लाभलं, आत्याबाईंना नाही लाभलं, आणि दोन्हींचं कारण माझ्याकडे नाही. एवढं मात्र आहे की माहिती गोळा करायला गेलं की मी अजून पहिल्यांदा आतल्या खोलीत कोण बसलंय ते बघते.

त्या दुपारी मात्र ताई वर येईपर्यंत आत्याबाई परत कागदापाशी येऊन बसल्या.

“लाव आता माझा ठिपका.”

मी आडव्या रेघेवर नऊ शोधले. “आणि मार्क?”

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल स्वतःच घेतली आणि नवाच्या रेघेवरून सरळ वर नेत गेल्या. घाटेवहिनींच्या उंचीला पोचल्या, त्याच्याही वर गेल्या, कागदाचा काठ आला. दहाचा आकडा मी अगदी काठावर घेतला होता. त्याच्या वर कोणी जाईल असं मला वाटलंच नव्हतं.

“याच्या वर जागा नाही का?”

“मार्क दहापैकीच आहेत, आत्याबाई.”

“मग कागद जोड.”

मी खाली जाऊन पट्टी कापली, भाताची शितं लावून काठाला चिकटवली आणि फुंकर मारून वाळवली. ताई येऊन माझ्यामागे उभी राहिली होती. आत्याबाईंची पेन्सिल जोडावरून पलीकडे गेली, पट्टीवर चढली, नव्या काठापाशी पोचली आणि तिथे थांबली. मग त्या वर न बघता म्हणाल्या, “अजून थोडा जोड.”